पालथी बादली

"अंधार पडायच्या आत त्यांना आत घ्या. ओरडू नका, घाई करू नका. आणि काही झालं तरी त्यांची ताटातूट करू नका."

हे बायकोचं शेवटचं नीट बोलणं. मिस्त्री "घेतो गं" म्हणाले होते. सगळ्या संसारात ज्या सुरात ते "करतो गं" म्हणत आले, त्याच सुरात. तिनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. विश्वास बसला म्हणून मिटले की बसला नाही म्हणून, हे मिस्त्रींना अजून कळलेलं नव्हतं.

त्यांना म्हणजे कोंबड्यांना. परसात चार होत्या: थोरली, मधली, फुरंगटी आणि धाकटी. दाणे टाकले की आधी थोरली खाणार. मध्येच कुणी चोच घातली की टोचा ठरलेला. पण एखादा किडा सापडला की हीच थोरली तो खाली ठेवून बाकीच्यांना हाका मारायची, आणि भिंतीवर बोका दिसला की सगळ्यांत आधी तीच ओरडायची. धाकटी तर तिच्या पंखाला पंख टेकवल्याशिवाय झोपत नसे.

"माणसं ओळखतात हो त्या," बायको सांगायची. "चेहरा एकदा पाहिला की विसरत नाहीत."

"मग माझ्याजवळ का येत नाहीत?"

"ओळखतात म्हणूनच."

भेटायला आलेली माणसं भेटून, रडून आपापल्या घरी गेली, तेव्हा मिस्त्री संध्याकाळी परसात आले. टाळी वाजवून म्हणाले, "चला, आत व्हा." चौघींनी त्यांच्याकडे आधी उजव्या डोळ्यानं पाहिलं, मग डाव्या डोळ्यानं पाहिलं, आणि चौघी झाडावर जाऊन बसल्या. भिंतीवर बोका अंग चाटत होता. मिस्त्रींनी काठी घेतली आणि झाडाखाली स्टूल टाकून रात्र काढली.

मिस्त्री हाडाचे सुतार. कुणी आत जात नसेल तर दोष दाराचा, हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. सकाळी त्यांनी खुराड्याचं दार उतरवून रुंद केलं. आत नवी दांडी ठोकली, चढायला उतरती फळी लावली. कोपऱ्यात एक जुनी बादली पालथी पडली होती. ती सुलटी करून तिच्यात हिरवा रंग कालवला आणि खुराडं आतून-बाहेरून रंगवून काढलं. काम देखणं झालं. एखादं गिऱ्हाईक खूश होऊन राहायला आलं असतं.

कोंबड्या खूश झाल्या नाहीत. आपलं घर कुठं गेलं म्हणून त्या परसभर हिंडल्या आणि अंधारताना भिंत ओलांडून शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या पत्र्यावर जाऊन बसल्या.

"भावोजी," शिवणवाल्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "तुमच्या लेकीबाळी माझ्या छपरावर नाचतायत. खाली गिऱ्हाइकाचे कपडे आहेत."

"येतील खाली."

"येतील हो. पण आधी काय येईल खाली, ते बघा."

ते आलंच. एका पांढऱ्या झग्यावर आलं.

पुढं सगळंच बिघडत गेलं. अंडी बंद झाली. फुरंगटीनं स्वतःची पिसं उपटायला घेतली. धाकटीनं तर दाण्याकडे पाठच फिरवली. बादली जिथं असायची त्या कोपऱ्यात ती मातीवरच्या गोल खुणेत जाऊन बसायची. थोरली तिच्यासमोर दाणा आणून ठेवायची आणि हळू आवाजात काहीतरी सांगायची. धाकटी मान वळवायची.

शेवटी मिस्त्रींना वाटलं, दाराचा दोष नसेल तर दारात उभ्या असलेल्या माणसाचा असेल. त्यांनी कपाट उघडलं. बायकोचा तपकिरी स्वेटर तसाच घडी घातलेला होता. तो त्यांनी अंगात चढवला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या. तिचा रुमाल डोक्याला बांधला. आवाज बारीक करून ते परसात गेले आणि म्हणाले, "या गं बायांनो!"

थोरली पुढं आली. एका डोळ्यानं स्वेटर पाहिला, दुसऱ्या डोळ्यानं मिस्त्री पाहिले. मग तिनं त्यांच्या अंगठ्याला असा काही टोचा मारला की मिस्त्री एका पायावर नाचत अस्सल आवाजात ओरडले.

आणि त्याच वेळी शिवणवाल्या बाईंनी खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक दारात हजर. तिच्या हातात कपड्यांची बॅग, काखेत पुठ्ठ्याची रिकामी खोकी.

"बाबा, तुम्ही आईचे कपडे घालून फिरता?"

"फिरत नाही. परसात उभा होतो."

"कशाला?"

"कोंबड्यांना फसवायला."

लेकीनं बॅग खाली ठेवली. मिस्त्रींना वाटलं, याहून खरं उत्तर देता आलं नसतं. आणि याहून वाईटही.

"त्या फसल्या का?"

"नाही. अंगठा बघ."

"बाबा, तुम्ही माझ्याकडे चला. एक कोंबडी माझ्या ऑफिसातल्या बाई नेतायत, दोन माझ्या नणंदेकडे, एक तिच्या शेजारणीकडे. सकाळी गाडी येईल."

"तीन घरी? तुझ्या आईनं सांगितलंय, ताटातूट—"

"आईनं बरंच सांगितलं होतं बाबा," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच मिस्त्रींना जास्त लागलं. "कोण ऐकत होतं?"

 मिस्त्री परसात जाऊन उभे राहिले. ऊन उतरलं होतं. धाकटी त्या गोल खुणेत बसून होती.

भिंतीपलीकडून शिवणवाल्या बाईंनी मान वर काढली. मशीन बंद होतं. "भावोजी, लेकीला फोन केला, ते माझ्याकडून जरा जास्तच झालं. मला वाटलं तुम्हाला भास होतायत." मग घुटमळून म्हणाल्या, "ती बादली कुठं गेली हो?"

"कसली बादली?"

"वहिनी रोज संध्याकाळी बसायच्या ती. पालथी घालून. त्यांचा नेमच होता तो."

"तिच्यावर बसून काय करायची?"

"बोलायच्या ना त्यांच्याशी. मी मशीन थांबवून ऐकायची."

मिस्त्री इतकी वर्षं त्या वेळी घरात रेडिओ ऐकत असायचे. "काय बोलायची?"

बाईंनी पदर सावरला. "राग नाही ना येणार?"

"आता कुणावर येणार?"

"तुमची उणीदुणी काढायच्या. अगदी शांतपणे, देवापुढं बसल्यासारख्या. एकेक तक्रार झाली की एकेक कोंबडी आत जायची."

मिस्त्रींनी मोरीतून बादली आणली. तळाला हिरवा रंग वाळला होता. ती त्यांनी बरोबर त्या मातीतल्या खुणेवर पालथी घातली. धाकटी बाजूला सरली, पण लांब गेली नाही. मिस्त्री बसले. एवढ्या खालून त्यांनी हे परस कधी पाहिलंच नव्हतं.

"सुरुवात कशी करायची ती?" त्यांनी भिंतीकडे विचारलं.

"'हा माणूस' असं म्हणायच्या."

मिस्त्री खाकरले. "हा माणूस," ते हळूच म्हणाले, "कानावर पेन्सिल ठेवून झोपतो. सगळ्या उश्यांवर रेघा आहेत."

थोरलीनं मान वाकडी केली.

"हा माणूस आमटीला नावं ठेवतो आणि वाटी पुसून खातो."

थोरली ठुमकत हिरव्या फळीजवळ गेली, तिनं फळी दोनदा चोचीनं वाजवून पाहिली आणि आत गेली.

"हा माणूस लोकांच्या दारांची कुरकुर कान लावून ऐकतो. घरातल्या माणसाची ऐकत नाही." मधली गेली.

मागच्या दारात लेक येऊन उभी राहिली होती. हातात खोकं होतं. मिस्त्रींनी तिला पाहिलं नाही.

"आणखी काय हो?" त्यांनी विचारलं.

पलीकडे बाई भिंतीवर जरा पुढं वाकल्या. "म्हणायच्या, 'सगळ्यांना सांगतो, माझी बायको कोंबड्यांशी बोलते. अगं, तो बोलला असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?'"

मिस्त्रींना ते वाक्य पुन्हा म्हणता आलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली. फुरंगटीला तेवढं पुरलं.

धाकटी राहिली. ती मिस्त्रींच्या चपलेपाशी येऊन बसली आणि वर बघत राहिली.

"हिची काही वेगळी होती का?"

"शेवटची. ती रोज एकच," बाई म्हणाल्या. "पण ती तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक होती. स्वयंपाकघराची परसाकडची खिडकी फुगून चौकटीत अडकली होती. "जरा घासून द्या, चुलीपाशी उभी राहून मला त्या दिसतील," ती म्हणायची. सबंध वस्तीच्या खिडक्या मिस्त्रींनी सरळ केल्या होत्या.

"हा माणूस," मिस्त्री धाकटीला म्हणाले, "'उद्या करतो' म्हणतो."

धाकटी उठली, पिसं झाडली आणि आत गेली. आतून थोरलीचा घशातल्या घशात आवाज आला. मग सगळं शांत झालं. मिस्त्रींनी कडी लावली.

लेकीनं हातातलं खोकं दाबून चपटं केलं. "गाडीवाल्याला नको म्हणून कळवते," ती म्हणाली. "आत चला. जेवून घ्या."

मिस्त्री आत आले, पण ताटाकडे गेले नाहीत. हत्यारांच्या पेटीतून त्यांनी रंधा काढला, त्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. दुखरा नव्हे, हाताचा.

"बाबा, आत्ता ठोकाठोकी? त्या झोपल्यात."

"ठोकत नाही. हळूहळू घासतो," मिस्त्री म्हणाले, आणि स्टूल उचलून खिडकीकडे गेले.