नरसोजीराजे यांनी पूर्वदरवाजा उघडिला त्याची हकीकत

श्रीगजवदनास वंदन, कुलस्वामिनीस दंडवत, ऐकणारांस उसंत असो. शके सतराशे तीस, विभव नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं थोरले महाराज कैलासवासी जाहले, आणि पोटीं संतान नाही म्हणोन धाकटे बंधु नरसोजीराजे यांस पासष्टावे वर्षीं आमराईंतून उठवून गादीवर बसविलें. राजियांचे गुडघे दुखत होते, राज्याची हौस कधींच विरली होती, मनीं एकच इच्छा उरली होती, कीं वडील भगिनी सगुणाबाई आक्कासाहेब एकवार डोळां पाहाव्या. कारण ऐसें, कीं तीस वर्षांमागें पंक्तीस आक्कासाहेबांचे यजमानांचा पाट दोन बोटें खालीं मांडिला, यजमान भरल्या ताटावरून उठले, आणि थोरले महाराजांनीं रागें भरोन पूर्वदरवाजा चिणून टाकिला. त्या घराण्याची चाल ऐसी, कीं माहेरवाशिणीची पाठवणी ज्या दरवाजानें जाहली त्याच दरवाजानें तिणें माहेरीं यावें, दुसऱ्यानें येणें अशुभ, आणि ती दारीं आली तर आंत येईतों भावानें तिचें तोंड पाहणेंही अशुभ. मग येणें तुटलें तें तुटलेंच.

राजियांनीं गादीवर बसतांच भिंत पाडण्याचा हुकूम केला आणि बहिणीस माहेरीं आणावयास मूळ धाडिलें. आक्कासाहेब सत्तर वर्षांच्या, पालखींत बसोन चवथे दिवशीं आल्या, आणि भिंत उभीच पाहोन बाहेर राहुटी देऊन राहिल्या. भिंत उभी राहिली ती मानापायीं. ढमाले सरदार म्हणाले, दरवाजा आमचे पणज्यानें बांधिला, पहिली कुदळ आमची. विरकर सरदार म्हणाले, तो राखतां आमचे पणजे पडले, पहिली कुदळ आमची. आणि दोहींकडील माणसें तरवारी उपसोन भिंतीपाशीं बसलीं. शास्त्रीबोवांस पुसावें तर बोवा दोन्ही घरीं जेवीत, त्यांचे तोंडून निवाडा निघेना. जोर करावा तर रक्त सांडेल, म्हणोन राजे समजावीत, विडे देत, आणि दमोन बसत. मग तिसरे प्रहरीं भिंतीच्या मोरीपाशीं बसोन पलीकडे आक्कासाहेबांशीं बोलावें, हाच काय तो राज्यकारभार.

सोळावे दिवशीं आक्कासाहेबांचा आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, "नरसू, थंडी सोसवत नाही रे आतां. परत जाऊं का? तुझा आवाज ऐकला, तेंही पुष्कळ झालें."

राजे गुडघे धरून उठले आणि गवंडियाचे हातची कुदळ घेतली. राजानें अवजारास हात लावूं नये ऐसी चाल, म्हणोन ही गोष्ट कोणाचे डोकींत आली नव्हती, राजियांचेही नाही. दोन्ही सरदार धांवत आले. राजे म्हणाले, "राज्य मीं मागितलें नव्हतें, तुम्हींच दिलें. आतां बाजूस व्हा." आणि घाव घातले, धाप लागली, आणखी घातले, तेव्हां हात जाईल इतकें भोंक पडलें. पलीकडून सुरकुतलेला हात आला आणि राजियांचे गालावरून फिरला.

"किती वाळलास रे," आक्कासाहेब म्हणाल्या. राजे हंसले, भिंतीस टेकोन बसले, आणि तैसेच राहिले.

पहिल्या घावाचा तंटाच उरला नाही, म्हणोन भिंत घटकेंत पडली, आणि आक्कासाहेब तीस वर्षांनीं माहेरीं आल्या, त्या भावाचें मस्तक मांडीवर घेऊन बहुत रडल्या. मग त्याच दरवाजानें राजियांस नदीकडे न्यावयाचें, तों पुढील खांद्याचा मान कोणाचा म्हणोन सरदार पुन्हा बोलूं लागले. तेव्हां आक्कासाहेबांनीं पदर खोंविला आणि पुढील खांदा आपण दिला.

सारांश, राजियांनीं राज्य सोळा दिवस केलें, मुलूख जिंकिला नाही, किल्ला बांधिला नाही, एक दरवाजा उघडिला. तो अद्याप उघडाच आहे, कारण लावण्याचा मान कोणाचा हें ठरलें नाही. जाहलें तें इतकेंच.