मामंजी महिनाभर आधी

मंडळाच्या ॲपमध्ये चूक निघाली तर मिशी उतरवीन, असं यशोधनने दाना ओली मोहल्ल्यात जाहीर करून टाकलं होतं. मिशी त्याला नव्हती. आत्मविश्वास मात्र मिशीवाल्याचा होता.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली श्राद्धं विसरली जाऊ नयेत म्हणून मंडळाने त्याच्याकडून हे ॲप करून घेतलं होतं. तिथी जवळ आली की घरी निरोप. ॲप ठेवायचं की पुन्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळायचं, हे रविवारच्या सभेत ठरणार होतं. आणि त्याच दुपारी विजयाबाईंचा फोन आला.

"यशोधन बेटा, आज आमच्या मामंजींचं श्राद्ध ना?"

"हो काकू. माघ वद्य पंचमी. ॲपने कळवलंय ना?"

"कळवलं. वडे तळून झाले, खीर झाली, कृष्णराव गुरुजी पाटावर बसलेत. आणि साताऱ्याहून नणंदेचा फोन. विचारते, वहिनी, बाबा तुमच्या ग्वाल्हेरात महिनाभर आधी गेले होते का?"

यशोधनने लॅपटॉप उघडला. तिथे मामंजी व्यवस्थित पुढच्या महिन्यात होते.

"माझ्याकडे तर ठीक दाखवतंय, काकू."

"मग मामंजींना तुझ्याकडेच पाठवू जेवायला?"

मागून शेजारणीचा आवाज आला, "ऐप सही बोल रहा है भाभी, आज माघ ही तो है."

"गुरुजी काय म्हणतात?" यशोधनने क्षीण आवाजात विचारलं.

"ते म्हणतात, ॲप म्हणतंय म्हणजे असेल."

यशोधनने स्कूटर काढली ती थेट गोरखीत, प्रांजलीच्या दारात. ही त्याच्याच कंपनीतली. त्याच्या मते ग्वाल्हेरात बघण्यासारख्या गोष्टी दोनच, किल्ला आणि प्रांजलीने बांधलेले कंटेनर, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बंद केलेले डबे. कुठल्याही मशीनवर ठेवा, तस्सेच चालणार.

तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "लॉक फाइल कुठेय?"

"वगळली. हजारो ओळी यार, वाचतं कोण? म्हटलं कंटेनर हलका राहील."

"राहिला हलका. अरे, दुसऱ्यांच्या कोडचं नेमकं कोणतं व्हर्जन घ्यायचं, ते त्या फाइलीत बांधलेलं असतं. गेल्या आठवड्यात अक्षरं मोठी करायला तू कंटेनर नव्याने बांधलास ना? फाइल आत नव्हती, मग त्याने तिथी काढणारी पंचांगाची लायब्ररी सगळ्यात नवी उचलली. तुझ्या लॅपटॉपवर जुनीच आहे."

"नवीत काय बिघडलं?"

"काही नाही. फक्त महिना पौर्णिमेला संपतो, इकडच्या हिंदी घरांसारखा. आपला अमावास्येला. वद्यात गेलेली सगळी माणसं महिनाभर अलीकडे सरकली."

"सगळी?"

"दोन-तीन घरी उरकलंसुद्धा असेल."

उरकलं होतं. सगळीकडे कृष्णराव गुरुजीच होते.

प्रांजलीने मोजक्या ओळी बदलल्या. आधी लॉक फाइल कंटेनरात, मग तिच्या बरहुकूम बाकीचं सामान. फाइल नसेल तर कंटेनर बांधला जाण्यालाच नकार देईल. मामंजी आपल्या महिन्यात परत गेले. समेवर आलेल्या गवयाकडे बघावं तसा यशोधन तिच्याकडे बघत राहिला. तोंडातून "वा" निघून गेलं ते त्याला कळलंही नाही.

संध्याकाळी सभेत विजयाबाई उभ्या राहिल्या. घरात वड्यांचा डोंगर असूनही त्या शांत होत्या.

"ॲप राहू दे," त्या म्हणाल्या. "पण बांधायचं काम प्रांजलीकडे. यशोधनने फक्त बघायचं."

यशोधनला ही शिक्षा आहे हे कोणी सांगितलं नाही, त्यामुळे सगळ्यांत आधी हात त्याचाच वर गेला. पाठोपाठ सगळ्यांचे. एकटे कृष्णराव गुरुजी विचारात बसलेले. शेवटी त्यांनी यशोधनला कोपऱ्यात घेतलं.

"नवीन चांगलंच आहे," ते हळूच म्हणाले. "पण वर्षातून दोनदा श्राद्ध करणारं ते आधीचं, ते असंच पडून राहणार असेल तर माझ्या यजमानांना देता येईल का?"