बॅटरीतली बॅटरी

सासऱ्यांची जुनी बॅटरी, म्हणजे टॉर्च हो, सुधारायची असं मी ठरवलं, तेव्हा माझा हेतू अगदी शुद्ध होता. (माझे हेतू नेहमीच शुद्ध असतात. नुकसान होतं ते हातांमुळे.)

सासरे निवृत्त वायरमन. आयुष्यभर खांबावर चढताना कमरेला लटकवलेली ही पितळी बॅटरी त्यांनी आम्हाला दिली होती. उजेड मात्र काजव्याने लाजावं इतका. ऑफिसातल्या कॅशियरने सल्ला दिला, "रिचार्जेबल सेल घाल. जाडे असतात, पण उजेड बघशील!"

सेल आणले. ते खरंच जाडे होते, नळीत शिरेचनात. फरक म्हणाल तर केसभर. म्हटलं, केसभर तर केसभर, आतून घासू!

बायको शाळेतून आली तेव्हा मी लाटण्याला सँडपेपर गुंडाळून बॅटरीच्या पोटात फिरवत होतो.

"अहो, ते लाटणं आहे!"

"होतं," मी म्हणालो.

दुपारभर घासलं. मग सेल आत घातले, अर्ध्यावर अडले, तेव्हा हातोडीच्या दांड्याने प्रेमाने दाबले. खट्! बॅटरी पेटली आणि खोली न्हाऊन निघाली. मी बटण बंद केलं. बॅटरी चालूच. पुन्हा दाबलं. चालूच. पुढची काच फिरवून उघडावी, तर मघाशी पकडीत धरल्यामुळे आटे चेपलेले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"बॅटरी अडकली."

"कुठे?"

"बॅटरीत."

"बॅटरीत बॅटरी?"

"म्हणजे सेल अडकले. आणि बॅटरी विझत नाही."

तिने कपाळावर हात मारला. "अहो, बाबा येतायत! सिंकखालचा पाइप गळतोय, मीच बोलावलंय त्यांना. तिथे अंधार आहे. आल्याआल्या बॅटरीच मागतील."

एवढ्यात बेल वाजली. मी बॅटरी आधी उशीखाली खुपसली. उशीला प्रभावळ आली. कपाटात ठेवली, फटीतून असा झोत आला की आत कुणीतरी राहतंय असं वाटावं. शेवटी शर्टाच्या आत सारली आणि हाताची घडी घालून सासऱ्यांसमोर बसलो.

सासरे पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"जावईबापू, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम!"

"नाही, पोटात उजेड दिसतोय म्हणून विचारलं."

मी मुकाट्याने बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली. जिच्या भरवशावर हा माणूस वादळात खांबावर चढला, तिची मी ही दशा केली होती. खरं सांगतो, मान वर करवेना. सासऱ्यांनी ती उलटीसुलटी केली, चेपलेल्या आट्यांवरून अंगठा फिरवला. मग झोत छताकडे वळवला आणि एकदम लहान मुलासारखे हसले.

"अगं, बघितलंस? माझ्या उमेदीत सुद्धा हिने एवढा उजेड दिला नव्हता!"

बायकोने ती त्यांच्याकडून घेतली, फडक्यात धरून काच हिसक्याने फिरवली, सेल ठोकून काढले. "बघा, वरचं वेष्टन सोलवटलंय. सेल नळीला टेकतो, मग बटणाला विचारतोय कोण!" तिने दोन्ही सेलांचं गोळा झालेलं जाड वेष्टन सोलून काढलं आणि त्याजागी पातळ कागद गुंडाळला. ते आत गेले, सरळ, न कुरकुरता. बटण दाबलं, उजेड. पुन्हा दाबलं, अंधार.

एकूण काय, माझी सुधारणा यशस्वी झाली होती! मी छाती पुढे काढून त्या दोघांमागोमाग स्वयंपाकघरात गेलो. सासरे सिंकखाली शिरले, बायकोने पाना घेतला. मीही बाह्या सरसावल्या.

"मी काय करू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही ना," बायको बॅटरी माझ्या हातात देत म्हणाली, "ही नुसती धरा. दोन्ही हातांनी धरा, म्हणजे एकही मोकळा राहणार नाही."