लेबल आहे, कोळी कुठे?

कोळी या विषयावर आता मला कुणीही काहीही विचारावं! आपल्या भागात सर्रास आढळणारे कोळी चार प्रकारचे, आणि चारही प्रकार आमच्या घरात सुखाने नांदतात. लायब्ररीतलं पुस्तक मी एका रविवारात संपवलंय!

ही वेळ आली सासूबाईंमुळे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्या महिनाभर आमच्याकडे राहणार होत्या. बायको दिवस मोजत होती. पण मेहुण्याने फोनवर बजावलं, "भावोजी, एक जरी कोळी दिसला, तर आई आल्या पावली परत येईल!"

"झाडूने सगळे हाकलते," बायको म्हणाली.

"छे! ओळख झाली की भीती जाते," मी म्हणालो.

मी औषधांच्या गोदामात लेबलं लावतो. सत्तावीस वर्षांचा अनुभव असा, की लेबल लागलं की वस्तू मुकाट्याने जागेवर राहते. म्हणून प्रत्येक कोळ्याशेजारी एकेक लेबल चिकटवलं. खिडकीत 'उड्या मारणारा. डास खातो.' गॅलरीत 'गोल जाळं विणणारा. कलाकार.' हॉलच्या कोपऱ्यात 'लांब पायांचा. आळशी.' आणि सासूबाईंच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी भिंतीवर, 'मोठा चपटा. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. हात लावू नये.'

सासूबाई आल्या. ऑपरेशननंतर त्यांना मुंगीचे पायसुद्धा मोजता येत होते! बाहेरची तिन्ही लेबलं त्यांनी धीराने वाचली. मग खोलीत शिरल्या.

"जावईबापू, लेबल आहे, पण कोळी कुठे?"

बोंबला! भिंत रिकामी! बायको खुर्चीवर चढली. मी उशा झटकल्या, गादी उलटली, भिंतीला पाठ टेकून पलंग पायांनी ढकलला. कोळ्याचा पत्ता नाही.

"अहो, आता लेबलही गेलं!" बायको किंचाळली.

"घेऊन पळाला की काय?" असं म्हणत सासूबाईंनी थेट मुलाला फोन लावला. "ये रे बाबा मला न्यायला!"

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. आता कोळी पकडूनच दाखवतो, म्हणून पलंगाखाली वाकलो, आणि पाठीवर काहीतरी खसखसलं!

"मेलो! चावला!" मी एका उडीत टेबलावर!

सासूबाई जवळ आल्या. माझी पाठ निरखली आणि मोठ्याने वाचू लागल्या, "दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. हात लावू नये."

त्या इतक्या हसल्या, की पलंगावरच बसल्या. फोन अजून कानालाच होता. "येऊ नकोस रे! एवढं मोठं ध्यान निरुपद्रवी निघालं, तिथे त्या बिचाऱ्या कोळ्याचं काय घेऊन बसायचं!"

मोठा चपटा दुसऱ्या दिवशी पडद्यामागे सापडला. सासूबाईंचा एक महिन्याचा मुक्काम तिसऱ्या महिन्यात गेलाय, बायको खुशीत आहे, मीही आहे. फक्त परवा पाहिलं, तर हॉलच्या कोपऱ्यातलं 'आळशी' माझ्या आरामखुर्चीवर आलंय! लेबलं आपणहून चालत नाहीत, एवढं मला कळतं. पण दोघींपैकी कुणाला विचारायची छाती होत नाही!