शलमोनराव रणपिसे सागरपार सेवेस गेले आणि माघारी आले, त्याची हकिकत

श्रीप्रभू समर्थ. ज्याने समुद्रास मर्यादा घातली आणि मनुष्याच्या गर्वासही घातली, त्यास नमन करून लिहिणे सुरू केले. जे सोबत गेले होते त्यांचे मुखे ऐकिले तितकेच लिहिले, पदरचे काही घातले नाही. शके एकोणीसशे छत्तीस, जय नाम संवत्सरे, वैशाख मासी, दख्खनचे एका नगरीतील ख्रिस्ती मंडळीस खबर आली की, समुद्रापलीकडे एका बेटावर मोठे वादळ जाहले आणि तेथील प्रार्थनामंदिराचे छप्पर उडाले. मग मंडळीने खलबत करून ठरविले की, तीन आठवड्यांकरिता सात असामी पाठवावे, छप्पर घालून द्यावे आणि लोकांस बोधाच्या चार गोष्टी सांगाव्या. मुखत्यारी शलमोनराव रणपिसे यांजकडे दिली. शलमोनराव हे हेडमास्तरीवरून निवृत्त जाहलेले, मंडळीचे वडील पंच, आवाज खणखणीत, शिस्तीस कठोर. त्यांचे शब्दाबाहेर कोणी जात नसे. समागमे त्यांचे कुटुंब सुगंधाबाई आणि पाच तरुण ऐसे निघाले आणि शलमोनरावांनी ‘क्षमा’ या विषयावर अकरा पानांचे प्रवचन लिहून कोटाचे खिशात ठेविले. मग दोन विमाने बदलून आणि एक दिवस लाँचीत हेलकावे खाऊन स्वारी बेटास पोहोचली.

बेटावरील लोक कंबरभर पाण्यात सामोरे आले आणि पाहुण्यांच्या बॅगा डोईवर घेऊन त्यांस घरांत उतरविले. तेथे पास्कल तुस्कान म्हणून कोकणकिनाऱ्याचा एक खलाशी होता; त्याने बेटावरच लग्न करून संसार मांडिला होता आणि तो दुभाषाचे काम करी. चौथे दिवशी सुगंधाबाईंस कळले की, आपण निजतो ती घरे देऊन घरधनी शिडाच्या कापडाखाली उघड्यावर निजतात. तेव्हा त्या पास्कलास म्हणाल्या, “अरे, आधी सांगायचे नाही का?” पास्कल म्हणाला, “सांगितले असते तर तुम्ही आत निजला असता का, बाई?” इकडे शलमोनराव सकाळी सहा वाजता शिट्टी वाजवून काम लावीत आणि बेटकर हसत येत, पत्रे चढवीत, मध्येच सर्वांस बसवून मासे भाजून खाऊ घालीत. शलमोनराव घड्याळ दाखवून रागे भरत आणि बेटकर घड्याळाची तारीफ करीत.

दुसरे रविवारी अर्ध्या छपराखाली प्रभुभोजनाचा विधी नेमिला होता आणि प्रवचन शलमोनरावांचे होते. प्रभूचे स्मरणार्थ सर्वांनी वाटून घ्यावयाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला मेजावर मांडिले. मग तालाई म्हणून बेटावरील सर्वांत वृद्ध बाई उठली आणि तिने लोकांस काही विचारिले. पास्कलाने अर्थ सांगितला की, “कोणाचे कोणाशी अडले आहे का, म्हणून विचारते.” तेव्हा दोन पुरुष उठून बाहेर माडाखाली गेले. वादळात एकाची होडी दुसऱ्याने सोडविली नाही आणि ती फुटली, ऐसा त्यांचा तंटा होता. एक तास गेला, दुसरा गेला, लोक शांत बसून राहिले. शलमोनराव म्हणाले, “पास्कल, हे किती वेळ चालायचे? पत्रे तापले!” तो म्हणाला, “मास्तर, ते दोघे आत आल्यावाचून येथे भाकर मोडीत नाहीत.” अखेर ते डोळे पुशीत आत आले आणि एके बाकावर बसले. मग तालाईने पाहुण्यांकडे वळून तोच प्रश्न केला. शलमोनराव म्हणाले, “नाही म्हणून सांग.” पास्कल सांगणार, तो सुगंधाबाई हळूच बोलल्या, “अहो, राहेलवन्सं?”

शलमोनरावांचा चेहरा उतरला. राहेल ही त्यांची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांमागे तिने आपले मनाने परजातीत लग्न केले, म्हणोन शलमोनरावांनी तिला दार बंद केले. पुढे माता वारली, तेव्हाही तिला निरोप धाडिला नाही. ती इतरांकडून ऐकून तिसरे दिवशी धावत आली आणि शलमोनरावांनी उंबऱ्यावरूनच सांगितले, “माती झाली. आता कशाला आलीस?” ती तशीच परत गेली.

अखेर शलमोनराव पास्कलास म्हणाले, “सांग तिला. आहे. माझी बहीण आहे, आणि दोष माझा आहे.” तालाईने विचारिले, “ती कोठे असते?” “दूर. समुद्रापार.” तालाई म्हणाली, “तर मग आज भाकर घेऊ नका. आमच्यात बसा मात्र.” ऐसे बोलून ती त्यांचे शेजारी येऊन बसली आणि भाकर फिरत आली तेव्हा तिनेही घेतली नाही. शलमोनराव म्हणाले, “पास्कल, तिला घ्यायला सांग. तिचे काय अडले आहे?” तालाईचे उत्तर आले, “पाहुणा उपाशी आणि यजमान जेवतो, ऐसे आमच्यात नाही.” तेव्हा शलमोनराव लहान मुलासारखे रडले. प्रवचन जाहले नाही आणि कोणी मागितलेही नाही. पुढे आठ दिवस त्यांनी शिट्टी वाजविली नाही. तरुण सांगतील तो खिळा देत आणि तरुण सांगतील तेथे शिडी धरीत. छप्पर पुरे जाहले आणि स्वारी परत फिरली.

विमानतळावरून शलमोनराव घरी गेले नाहीत. बॅगांसुद्धा कुटुंबास घेऊन थेट राहेलबाईंच्या गावी गेले आणि कडी वाजविली. राहेलबाईंनी दार उघडिले. केस पांढरे जाहले होते. भावास पाहताच घाबरून म्हणाल्या, “दादा? कोण गेलं?”

शलमोनराव म्हणाले, “कोणी गेलं नाही गं. मीच आलो आहे.” मग उभ्या उभ्याच सांगितले, “आई शेवटचे तीन दिवस तुझंच नाव घेत होती. राहेलला बोलवा म्हणत होती. मी बोलावलं नाही, आणि तिनं बोलावलं होतं हेही तुझ्यापासून लपवलं.” राहेलबाईंनी भिंत धरिली. मग म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही आत या. दादा, तू उद्या ये. आज मला आईसाठी रडू दे.”

शलमोनराव दुसरे दिवशी गेले, आठ दिवसांनी गेले, पुढेही जात राहिले; कधी ओटीवर बसून येत, कधी बंद दार पाहून येत. मंडळीने सेवेचा वृत्तांत मागितला, तेव्हा उभे राहून इतकेच बोलिले की, “छप्पर त्यांचे त्यांनीच घातले, आम्ही हात लावला.” आणि खाली बसले. त्यानंतर प्रभुभोजनाचे दिवशी ते शेवटल्या बाकावर बसून राहत आणि प्याला पुढे जाऊ देत.

येणेप्रमाणे सागरपार सेवेची हकिकत जाहली. राहेलबाईंनी क्षमा केली किंवा कसे, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. परंतु नाताळाच्या आदल्या आठवड्यात भाऊ ओटीवरून उठू लागला, तेव्हा त्या आतून म्हणाल्या, “दादा, जेवून जा.” आणि शलमोनराव जेवले.