शकुअक्कांच्या खुकुऱ्या

शकुअक्कांच्या घरात तेवीस खुकुऱ्या होत्या आणि कांदा चिरायला एक धड सुरी नव्हती.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती सुरी मागायलाच. मारतहळ्ळीतल्या त्या तीन मजली इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, सामान अजून खोक्यांत होतं. दार उघडणाऱ्या बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. माझं मराठी ऐकून खूश झाल्या. ‘‘पुण्याच्या होय? आम्ही निपाणीचे. सुरी नाही हो आमच्यात. ताई विळी देईल.’’ आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर, जिथे इतरांच्या घरी देवांचे आणि आजोबांचे फोटो असतात, तिथे हारीने खुकुऱ्या, गुरख्यांची ती वाकड्या पात्याची हत्यारं, टांगलेल्या.

‘‘एवढ्या कुकऱ्या!’’ मी म्हणाले.

‘‘खुकुरी म्हणा. कुकरी म्हटलं की मला कुकरची शिट्टी ऐकू येते.’’

त्या दिवसापासून मी त्यांची ‘पुणेकर’ झाले. माझं नाव त्यांनी कधी वापरलं नाही.

अक्का बत्तीस वर्षं इथल्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. सर्जनच्या हातात हत्यारं देणं हे त्यांचं काम. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. खुकुरी बघायला मी हात पुढे केला की ओरडायच्या, ‘‘हात आत! मी सांगितल्याशिवाय हात पुढे नाही.’’ मग स्टीलच्या ट्रेमधून खुकुरी उचलायच्या, पातं स्वतःकडे, मूठ माझ्याकडे, आणि तळहातावर ती मूठ अशी चापकन आपटायच्या की माझी बोटं आपोआप मिटायची. ‘‘कळलं? घेणाऱ्याला बघायची गरज पडता कामा नये.’’

खुकुरी पसंत करताना अक्का स्थळ बघायला आल्यासारख्या बसायच्या. आधी पाठ. ‘‘पाठ जाड पाहिजे. पुढं वजन पाहिजे. मनगटानं नुसतं सोडलं की पुढचं काम तिनं करावं.’’ मग पोट. पूर्व नेपाळातल्या भोजपूरकडची रुंद पोटाची खुकुरी, भोजपुरे, त्यांची लाडकी. ‘‘बघा कशी खाऊनपिऊन सुखी आहे.’’ सिरुपाते म्हणजे गवताच्या पात्यासारखी सडपातळ, लांबोडकी जात. तिच्याकडे बघून त्या नाक मुरडायच्या. ‘‘ही मॉडेल. हिनं फोटो काढून घ्यावा आणि घरी जावं.’’ मूठ लाकडाची हवी, शिंगाची नको. शिंग दिसतं छान, पण हाताला घाम आला की निसटतं. आरशासारखं पॉलिश केलेलं पातं आणि मुठीला पितळी सिंहाचं तोंड असलं, की एकच शेरा : ‘‘लग्नातली.’’ त्यांच्या एका भाच्याने नेपाळहून आणलेली, पात्यावर डोंगर कोरलेली खुकुरी त्यांनी त्याला चहा पाजून परत दिली होती.

पात्याच्या मुळाशी एक छोटी खाच असते. ती कशासाठी, यावर प्रत्येकाची वेगळी कथा. कुणी म्हणतं गाईचा खूर, कुणी म्हणतं त्रिशूळ, कुणी म्हणतं रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून. ही शेवटची कथा अक्कांना मान्य नव्हती. ‘‘रक्त कुठं जातं ते बत्तीस वर्षं बघितलंय मी. ते कुणाच्या खाचेत थांबत नाही.’’

म्यानातून निघालेली खुकुरी रक्त चाखल्याशिवाय आत जात नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. अक्कांनी मला तशीच खाली नेली आणि आमच्या वॉचमनला, हरी थापाला, माझ्यादेखत विचारलं. तो हसायलाच लागला. ‘‘हमारे घर में तो मूली काटते हैं, दीदी. लकड़ी काटते हैं. रोज खून कहाँ से लाएँगे?’’ अक्का दिवसभर खुशीत होत्या.

‘‘मग तुम्ही का नाही कापत मुळा?’’ मी विचारलं.

‘‘यातल्या काही माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत. त्यांना काय मुळा कापायला लावू?’’

रविवारी सकाळी तेलाचा कार्यक्रम. जुन्या साडीवर तेवीस खुकुऱ्या मांडायच्या, शिलाई मशीनचं तेल, मऊ फडकं. आतून ताईंचा आवाज यायचा, ‘‘झाली का खाटकाची पूजा? चहा गार झाला.’’

ताई म्हणजे अक्कांची थोरली बहीण. अक्कांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करून ताईंनी धाकटीला शिकवलं, नर्सिंगला घातलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. अक्कांनी केलं नाही. दोघी पुढं एकत्रच राहिल्या. ताईंना त्या खुकुऱ्यांचा भारी तिटकारा. भिंतीकडे पाठ करून जेवायच्या. एवढ्या वर्षांत त्यांनी एकीलाही बोट लावलं नव्हतं.

गेल्या वर्षी ताई विसरायला लागल्या.

सुरुवात मिठापासून झाली. आमटीत दोनदा, मग तीनदा. अक्का मुकाट्याने खायच्या. मग एका दुपारी ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘काकूंना सांगा, पाणी आलंय, घागरी लावा.’’ मी त्यांना हात धरून वर नेलं. अक्का हसून म्हणाल्या, ‘‘वय झालं. स्वल्प होतं असं.’’ पण पुढच्या आठवड्यात गॅसवर कढई ठेवून ताई झोपून गेल्या, त्यानंतर एकदा विळीवर बसताना तोल गेला. अक्कांनी काडेपेटी कुलपात टाकली आणि विळी माळ्यावर चढवली. ऑपरेशनआधी थिएटरमध्ये फिरवायच्या तशी त्यांनी सगळ्या घरावरून नजर फिरवली. एका भिंतीवरून तेवढी फिरवली नाही. त्यांना ते सुचलंच नाही.

त्यानंतर एका दिवशी मी घरूनच काम करत होते. वरून हाक आली, ‘‘पुणेकर!’’ त्या आवाजाने मी हेडफोन तसाच टाकून धावले.

ताई स्वयंपाकघरात मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात परातीत चार बटाटे, हातात अक्कांची सगळ्यात जुनी भोजपुरे. डाव्या तळहातातून रक्त परातीत पडत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. अक्का समोर बसून त्यांची मूठ सोडवत होत्या.

‘‘बाई, बाजूला व्हा हो,’’ ताई त्यांना म्हणत होत्या. ‘‘शकूचा डबा व्हायचाय. साडेदहाची शाळा आहे तिची.’’

‘‘शकू जेवली,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘जेवून गेली ती शाळेला. द्या इकडं.’’

‘‘जेवली? पोटभर?’’

‘‘पोटभर.’’

तेव्हा कुठे ताईंनी मूठ सोडली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सहा टाके पडले. तरुण डॉक्टर टाके घालायला आला तरी अक्का जखमेवर धरलेलं कापड सोडायला तयार नव्हत्या. शेवटी तो म्हणाला, ‘‘आंटी, तुम्ही बाहेर बसा.’’ त्या बाहेर बाकावर येऊन बसल्या. ‘‘आयुष्यात मला कुणी बाहेर बसा म्हटलं नव्हतं,’’ एवढंच म्हणाल्या.

रविवारी त्यांनी खुकुऱ्या काढल्या, तेल लावलं, आणि एकेक जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली. हरी थापाला ताईंजवळ बसवून मी गाडी काढली. इंदिरानगरमध्ये एक निवृत्त मेजर राहतात, त्यांनाही हाच नाद. अक्कांचं त्यांच्याशी जुनं भांडण, कारण मेजरांना आवडायची सिरुपाते, तीही चकचकीत. त्यांच्या दिवाणखान्यात सिंहाच्या तोंडाच्या सहा होत्या.

‘‘सिस्टर, एक तरी ठेवा,’’ मेजर म्हणाले. ‘‘कुलपात ठेवा.’’

‘‘एक ठेवली काय, तेवीस ठेवल्या काय, घरात आहेच ना.’’

मग तासभर त्यांनी एकेकीची माहिती दिली. हिच्या मुठीला चीर आहे, हिला दमट हवा सोसत नाही, हिला मेहेरबानी करून पॉलिश करू नका. मेजर शहाण्या मुलासारखं लिहून घेत होते. ती जुनी भोजपुरे अक्कांनी शेवटी दिली. पातं स्वतःकडे धरून मूठ त्यांच्या तळहातावर ठेवली.

परतताना रिंग रोडला गाड्या तुंबल्या होत्या. अक्का काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, ‘‘गंजाचा ठिपका मला दहा फुटांवरून दिसायचा. ताई रोज समोर बसत होती. तिचं मला काही दिसलं नाही बघा.’’ सिग्नल दोनदा सुटला तरी आम्ही तिथंच होतो.

आता ताई अक्कांना ओळखत नाहीत. त्यांना वाटतं, ही पगारी सिस्टर आहे. दिवसभर सगळं ठीक असतं. सहा वाजले की त्या अस्वस्थ होतात. ‘‘सिस्टर, घरी जा आता. तुमची माणसं वाट बघत असतील.’’ अक्का गेल्या नाहीत तर रडायला लागतात, की माझ्यामुळं या बाईला उशीर होतोय.

म्हणून अक्का रोज सहा वाजता खांद्याला पिशवी लावतात, चपला घालतात, ‘‘येते हं’’ म्हणून दार नुसतं लोटून घेतात आणि बाहेर जिन्यात बसतात. मी कामावरून लवकर आले की पायरीवर त्यांच्याशेजारी बसते. आत ताईंची पावलं वाजतात, भांडं सरकतं, अक्कांचा कान त्या दाराच्या फटीत असतो. दहा मिनिटं झाली की त्या उठतात, साडी झटकतात आणि बेल वाजवतात.

‘‘कोण?’’

‘‘रात्रपाळीची सिस्टर, ताई.’’

दार उघडतं. ‘‘या, या,’’ ताई म्हणतात. ‘‘दिवसाची आत्ताच गेली. फार चांगली आहे हो बाई ती.’’

‘‘असेल की,’’ म्हणत अक्का चपला काढतात आणि आत जातात.