एक गोळी कमी

वॉर्डातल्या रुग्णांच्या औषधांची फेरतपासणी करताना रुग्णालयाची फार्मासिस्ट मेघाने चंद्रभानजींची कोलेस्टेरॉलची गोळी थांबवण्याची शिफारस केली आणि डॉक्टरांनी ती मान्य केली. पंच्याऐंशी उलटलेल्या या गृहस्थांच्या पिंडऱ्या त्या गोळीनेच धरल्या होत्या. रक्ततपासणीही तेच सांगत होती. म्हाताऱ्याची मागणी माफक होती. संडासला स्वतःच्या पायांनी जाता यावे, एवढीच.

ही झाली वैद्यकीय बाजू. आपल्या समाजात मात्र आजाऱ्याची प्रतिष्ठा त्याच्या गोळ्यांवरून ठरते. शेजारच्या खाटेवर मूठभर आणि आपल्या बापाच्या वाट्याची एक कमी, हे दहा-बारा दिवसांनी मुलाच्या, जितेंद्रच्या, ध्यानी आले. तो तडक औषधखिडकीवर गेला.

"म्याडम, सरळ सांगा. बाबाले सोडून देल्लं का तुम्ही?"

मेघाने समजावले, की या वयात गोळीचा फायदा अंधूक आणि त्रास रोकडा आहे. जितेंद्रने त्यातले 'या वयात' एवढेच उचलले आणि गावाकडे, पारशिवनीला, फोन केला. दुसऱ्या सकाळी टेम्पोभर नातलग अंत्यदर्शनाला हजर झाले.

नेमके तेव्हाच चंद्रभानजी, कुणाचाही हात न धरता, संडासाहून परतत होते. बहीण पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पाह्य जितू, कसा चालून राहिला. विझाच्या आधी दिवा मोठा होते."

"अवं पंचफुले, मी बरा होऊन राहिलो."

"हो गा दादा, हो," म्हणत तिने त्यांच्या तोंडात गंगाजल ओतले. त्यांना ठसका लागला. तो शेवटचा समजून बायांनी गळा काढला.

वैद्यकीय अधीक्षक धावत आले. आधुनिक वैद्यक पुराव्यावर चालते, आणि पुरावा टेम्पो भरून आला होता. शिवाय वॉर्डाच्या काचा नुकत्याच बसवल्या होत्या. त्यांनी मेघाचे म्हणणे शांतपणे ऐकले, ते शास्त्रशुद्ध असल्याची कबुली दिली आणि गोळी पुन्हा सुरू केली. जितेंद्रच्या समाधानासाठी मात्राही वाढवली. रडणे थांबले. टेम्पो परतला.

पुढच्या आठवड्यात, आया चंद्रभानजींच्या खाली भांडे सरकवत असताना, जितेंद्र खिडकीशी उभा राहून पारशिवनीला खुशाली कळवत होता.

"भेवाचं काम नाही, आत्या. बाबा आता उठाचं नावच घेत नाही."